भर उकाड्यातलं अतिऔपचारिक लग्न: सूट निवडण्यापासून तो अंगावर चढवण्यापर्यंत

पत्रिकेवर ‘ब्लॅक टाय’ किंवा ‘फॉर्मल’ छापलेलं असतं, लग्न ऐन उकाड्यात असतं, आणि बहुतेकांचा बेत एकच ठरतो: कपाटात आहे तोच सूट घालू, फार गरम झालं तर कोट काढू. प्रत्यक्षात अर्ध्या तासातच कोट खुर्चीच्या पाठीवर जातो. खाली पाठीला चिकटलेला शर्ट आणि काखेतले डाग उरतात, आणि सगळे फोटो त्याच अवतारात निघतात. काही जण उलट टोकाला जाऊन चुरगळलेल्या लिननमध्ये पोचतात आणि सगळ्या पाहुण्यांत वेगळे पडतात.

उकाड्याचा प्रश्न लग्नाच्या दिवशी सुटत नाही. तो कापड, अस्तर आणि माप ठरतानाच सुटतो किंवा कायमचा बसतो. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. हा लेख मुख्यतः सूट आणि डिनर जॅकेट घालणाऱ्यांसाठी आहे. लांब गाऊनबद्दल पुढे एक छोटा भाग आहे.

टप्पा १: पत्रिका वाचा आणि विचारून घ्या (दोन-अडीच महिने आधी)

पोशाखाच्या सूचनेचा नेमका अर्थ आधी लावा.

‘व्हाइट टाय’ म्हणजे टेलकोट, पांढरा वेस्टकोट आणि पांढरा बो. यात उकाड्यासाठी सवलत नाही. जी सुटका करून घ्यायची ती कापडात आणि अस्तरात. ‘मॉर्निंग ड्रेस’ दिवसाच्या समारंभाचा असतो. त्यात कोट जड असला, तरी फिकट रंगाचा, पातळ कापडाचा वेस्टकोट चालतो. ‘ब्लॅक टाय’ म्हणजे काळं डिनर जॅकेट (संध्याकाळच्या समारंभाचा कोट) आणि काळा बो. त्यात मात्र उष्ण हवामानासाठी एक मान्य पर्याय आहे: आयव्हरी, म्हणजे मोतिया रंगाचं डिनर जॅकेट आणि काळी पॅन्ट. नुसतं ‘फॉर्मल’ लिहिलं असेल तर गडद रंगाचा साधा सूट, पांढरा शर्ट आणि टाय पुरतात.

मग यजमानांना किंवा त्यांच्या जवळच्या कुणाला हे विचारा:

- मुख्य विधी किती वाजता आहे आणि तेव्हा ऊन थेट अंगावर येणार का?
- जागा उघडी आहे की वातानुकूलित? आत-बाहेर किती वेळा करावं लागेल?
- नवरदेव आयव्हरी जॅकेट घालणार आहे का?

तिसरा प्रश्न अनेक जण विसरतात. नवरदेवच आयव्हरीत असेल तर पाहुण्याने काळं किंवा मध्यरात्रीच्या आकाशाचं असतं तसं गर्द निळं जॅकेट घालावं. हा निळा दिव्यांच्या प्रकाशात काळाच दिसतो.

हवा कोरडी आहे की दमट, हेही आत्ताच पाहून ठेवा. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो आणि शरीर थंड होतं. तिथे उन्हापासून बचाव महत्त्वाचा. दमट हवेत घाम फारसा उडत नाही, म्हणून तिथे कापडातून वारा खेळणं हीच मुख्य मदत. पुढचे बरेच निर्णय या एका उत्तरावर फिरतात.

टप्पा २: कापड निवडा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लोक कापड बोटांत धरतात, पातळ वाटलं की ‘थंड आहे’ म्हणतात. पातळ कापड आणि हवा खेळतं कापड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घट्ट विणलेलं पातळ पॉलिस्टर अंगाभोवती वाफ कोंडतं. त्याहून जाड पण मोकळ्या विणीचं लोकरीचं कापड वारा आरपार जाऊ देतं.

हो, लोकरच. उकाड्यात लोकर म्हटलं की लोक दचकतात, पण औपचारिक सुटासाठी तिला तोड नाही. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओला लागत नाही. पॉलिस्टर ओलावा जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे घाम अंगावरच राहतो. शिवाय लोकरीची घडी आपोआप सुटते. सुती आणि लिनन सूट बसल्या बसल्या चुरगळतो, आणि अतिऔपचारिक लग्नात चुरगळलेला सूट चालत नाही.

काय मागायचं ते नेमकं सांगतो:

*वीण.* साधी एकआड-एक वीण हवी. तिरप्या रेघांची ट्विल वीण जास्त घट्ट बसते, ती टाळा. ‘ट्रॉपिकल वूल’ आणि ‘फ्रेस्को’ ही नावं दुकानदारांना माहीत असतात. फ्रेस्कोमध्ये धाग्याला जास्त पीळ असतो आणि वीण विरळ असते, म्हणून ते हवेशीर असूनही ताठ पडतं. त्याचा पोत किंचित खरखरीत लागतो. दिवसाच्या सुटाला ते फार छान. ‘हॉपसॅक’ (टोपलीसारख्या विणीचं कापड) हेही हवेशीर, पण त्याची पॅन्ट गुडघ्यावर लवकर फुगते. त्याचा फक्त कोट करा.

*मोहेर.* लोकरीत २० ते ४० टक्के मोहेर (अंगोरा शेळीचे केस) मिसळलेलं कापड संध्याकाळच्या पोशाखासाठी माझ्या मते सर्वोत्तम. ते कोरडं राहतं, सुरकुत्या झटकून टाकतं आणि त्याची हलकी चमक दिव्यांत शोभते. मोहेरचा धागा ठिसूळ असतो, म्हणून त्याच घडीवर पुन्हा पुन्हा कडक इस्त्री करू नका.

*वजन.* धावत्या मीटरला २२० ते २८० ग्रॅम. त्याहून हलकं कापड झुळझुळतं, अंगाला चिकटतं आणि प्रत्येक सुरकुती दाखवतं. ३४० ग्रॅमच्या पुढचं थंडीसाठी.

> सावधान: काही ठिकाणी वजन धावत्या मीटरचं देतात, काही ठिकाणी चौरस मीटरचं. सुटाचं कापड साधारण १५० सेंटीमीटर पन्ह्याचं असतं. त्यामुळे धावत्या मीटरला २५० ग्रॅम म्हणजे चौरस मीटरला सुमारे १६७ ग्रॅम. हे न विचारता आकडे पाहिले तर हिवाळी कापड ‘हलकं’ म्हणून घरी येतं.

*‘सुपर’चा आकडा.* सुपर १२०, सुपर १५० हे आकडे लोकरीचा तंतू किती बारीक आहे ते सांगतात. कापड किती थंड आहे ते सांगत नाहीत. उकाड्यात फार मोठा आकडा उलट त्रासाचा: कापड मऊ, पटकन चुरगळणारं आणि घामाने लवकर झिजणारं. सुपर १०० किंवा ११० पुरे.

*रंग.* उन्हातल्या समारंभाला गडद रंग खरोखरच जास्त तापतो. नियम परवानगी देत असेल तर मध्यम करडा किंवा फिकट निळा घ्या. सूर्यास्तानंतर रंगाने फारसा फरक पडत नाही. रात्रीच्या लग्नाला काळ्याला घाबरू नका.

> दुकानातच तीन तपासण्या: कापडाचा एकच पदर उजेडासमोर धरा, विणीत बारीक ठिपक्यांसारखा उजेड दिसला पाहिजे. तो पदर तोंडाजवळ धरून जोराने फुंका, पलीकडे तळहातावर वारा लागला पाहिजे. मग मुठीत दहा-पंधरा सेकंद घट्ट चुरगळून सोडा. मिनिटभरात सुरकुत्या बऱ्याच मोकळ्या झाल्या तर कापड चांगलं.

टप्पा ३: आतलं बांधकाम

उत्तम कापड घेऊन आत पॉलिस्टरचं पूर्ण अस्तर लावून घेतलं तर सगळी मेहनत वाया जाते. आणि काही सांगितलं नाही तर बहुतेक शिंपी तेच लावतात, कारण ते टिकतं आणि शिवायला सोपं असतं. म्हणून हे बोलून घ्या. जमल्यास लिहून द्या.

१. पाठीला पूर्ण अस्तर नको. फक्त खांद्यांच्या पट्ट्यात अस्तर ठेवून खालची पाठ मोकळी सोडायची. आतल्या शिवणी उघड्या दिसणार, म्हणून त्यांना पट्टी लावून सफाई करून घ्यावी लागते.

२. बाह्यांना अस्तर हवंच. नाहीतर शर्टाची बाही कोटात अडकते आणि घाम आला की कोट घालणं-काढणं अवघड होतं.

३. अस्तर क्युप्रोचं घ्या. बेंबर्ग हे त्याचं ओळखीचं नाव. ते कापसाच्या तंतूंपासून बनतं आणि हवा जाऊ देतं. न मिळाल्यास व्हिस्कोज.

४. छातीला आकार देणारा आतला थर चिकटवलेला (फ्यूझिंग) नको, टाके घातलेलं कॅनव्हास हवं. पूर्ण नाही जमलं तर निदान अर्धं. फ्यूझिंगमध्ये गोंदाचा थर हवा अडवतो आणि उष्णता-ओलाव्याने तो सुटून कापडावर फुगे येतात.

५. खांद्याचं पॅडिंग पातळ.

तयार कोट घेत असाल तर तो उलटा करून पाहा. पाठीचं अस्तर पूर्ण असेल तर ते अर्धं काढून देण्याचं काम चांगला शिंपी करू शकतो.

आयव्हरी डिनर जॅकेटच्या लॅपेलवर (छातीवर दुमडलेल्या पट्टीवर) चमकदार रेशीम लावायचं नसतं, ते जॅकेटच्याच कापडाचं ठेवतात. अनेक तयार जॅकेटं इथेच चुकतात आणि मंचावरच्या वादकासारखी दिसतात. पॅन्ट काळीच, बाजूला रेशमाची एक पट्टी.

टप्पा ४: माप आणि ट्रायल

अंगाला घट्ट बसलेला सूट दुकानाच्या आरशात रुबाबदार दिसतो, उकाड्यात मात्र छळतो. चालताना कोटाच्या आत हवा हलली पाहिजे. त्यासाठी छातीत आणि पोटाला थोडी जागा लागते. बटण लावल्यावर त्याच्याभोवती ‘एक्स’सारख्या ओढ पडत असतील तर कोट घट्ट आहे.

बगलेचा घेर मात्र उगाच मोठा करू नका. खोल बगलेचा कोट हात वर केला की अख्खाच्या अख्खा वर उचलला जातो. बगल उंच, पण काखेत कापड रुतणार नाही इतपत मोकळी, हे शिंप्याला नीट दाखवा.

पॅन्ट कमरेला उंच आणि पुढे एक प्लीट असलेली शिवा. मांडीला जागा मिळते आणि बसल्यावर कापड ताणलं जात नाही. पट्ट्याऐवजी गॅलिस, म्हणजे खांद्यावरून पॅन्ट धरणारे पट्टे, लावा. कंबर बोटभर सैल ठेवता येते, तिथून हवा जाते, आणि पट्ट्याखाली जमणारा घाम टळतो. डिनर जॅकेटसोबत पट्टा घालतच नाहीत, त्यामुळे पॅन्टला पट्ट्याचे लूप नकोतच.

शिवणीत माया, म्हणजे नंतर सैल करता येईल इतकं जादा कापड, सोडायला सांगा.

> तपासा: ट्रायलला जाताना लग्नात घालायचाच शर्ट आणि तेच बूट न्या. कोटाचं बटण लावून हात पुढे घ्या, मिठी मारल्यासारखे. मग खुर्चीत बसा, जिना चढा. कापड कुठे ओढलं जातं ते शिंप्याला तिथल्या तिथे दाखवा. ‘वापरून सैल होईल’ हे ऐकून घेऊ नका.

टप्पा ५: शर्ट आणि आतले कपडे

शर्ट शंभर टक्के सुती, पॉप्लिनचा किंवा त्याहून झिरझिरीत व्हॉइलचा. ऑक्सफर्ड कापड जाड असतं आणि पोशाखाला साजत नाही. ब्लॅक टायला छातीवर मार्सेला, म्हणजे खवल्यांच्या विणीचं जाड कापड लावलेला शर्ट मिळतो. तो थंड प्रदेशात ठीक. उकाड्यात चुण्यांचा पुढा असलेला हलका शर्ट घ्या.

कॉलर थोडी मोकळी हवी. नवीन सुती शर्ट धुतल्यावर आटतो. म्हणून शर्ट आधी दोनदा धुवा आणि मग बटण लावून पाहा. दोन बोटं सहज गेली पाहिजेत, पण कॉलर मानेपासून सुटता कामा नये.

एकसारखे दोन शर्ट घ्या. लग्न लांबलं तर मध्येच शर्ट बदलण्याइतकी ताजेपणा देणारी दुसरी गोष्ट नाही.

बनियन घालावं का? घालावं. लोकांना वाटतं त्याने जास्त गरम होईल. पण अंगालगतचं पातळ बनियन घाम टिपतं, आणि शर्ट कोरडा राहिला तरच सूट नीट दिसतो. रंग पांढरा नको. पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन उठून दिसतं. आपल्या त्वचेच्या जवळचा रंग किंवा करडा घ्या, गळा खोल असू द्या.

डिनर जॅकेटसोबत वेस्टकोटऐवजी कमरबंद बांधा. छाती-पाठ मोकळी राहते. त्याच्या चुण्यांची तोंडं वरच्या बाजूला. वेस्टकोटच हवा असेल तर बिनपाठीचा मिळतो.

टप्पा ६: बूट आणि मोजे

उकाड्यात पाय फुगतात, म्हणून बूट संध्याकाळी विकत घ्या आणि लग्नाआधी घरात चार-पाच वेळा तासभर घालून फिरा. पेटंट लेदर हवा अजिबात जाऊ देत नाही. त्याऐवजी आरशासारखे पॉलिश केलेले साधे काळे बूटही ब्लॅक टायला चालतात, आणि उकाड्यात मी तेच सुचवेन. मोजे पातळ पण गुडघ्यापर्यंतचे, म्हणजे बसल्यावर पिंढरी दिसत नाही. ते बारीक सुती किंवा पातळ लोकरीचे असावेत. समारंभ हिरवळीवर असेल तर चामड्याच्या तळव्याचे बूट ओल्या गवतावर घसरतात, त्यांना पातळ रबरी तळ चिकटवून घ्या.

टप्पा ७: रंगीत तालीम (आठवडाभर आधी)

हा टप्पा सगळे गाळतात.

पूर्ण पोशाख घाला आणि लग्नाच्या वेळेला, पंखा बंद करून, अर्धा तास चाला, बसा, उठा. कोट काढून शर्टाच्या काखा, पाठ आणि कॉलर पाहा. कुठे ओल आली, कुठे टोचलं, बूट कुठे चावला, हे आज कळलं तर आठवडा हाताशी आहे. बो टाय हाताने बांधायचा असेल तर त्याचा सरावही आत्ताच. घामेजल्या बोटांनी आयत्या वेळी तो जमत नाही.

> तपासा: कोटाच्या मागच्या कापावर घातलेला फुलीचा कच्चा टाका उसवला का? बाहीवरचं लेबल काढलं का? दोन्ही गोष्टी शिंपी आणि दुकानदार तात्पुरत्या लावतात, आणि लग्नात त्या तशाच मिरवणारे पाहुणे हमखास दिसतात.

टप्पा ८: आदली रात्र

घामाचा गंध लपवणारं डिओडरंट आणि घाम कमी करणारं अँटिपर्स्पिरंट या वेगळ्या वस्तू आहेत. दुसऱ्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घामाची तोंडं तात्पुरती बंद करतात. त्यासाठी ते रात्री, कोरड्या त्वचेवर लावावं लागतं. सकाळी घामेजल्या काखेत लावलं तर वाहून जातं आणि शर्टावर पिवळे डाग पडतात. लग्नाआधी तीन-चार रात्री लावा, नुकतेच केस काढलेल्या त्वचेवर नको.

सूट प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून मोकळ्या हवेत टांगा. थेट गरम इस्त्री लोकरीवर फिरवू नका, चकाकी येते. वाफ द्या किंवा वर ओलसर सुती फडकं ठेवून दाबा.

एका छोट्या पिशवीत दुसरा शर्ट, मोज्यांचा जोड, बनियन, दोन सुती रुमाल आणि सुई-दोरा भरून ठेवा.

टप्पा ९: घालण्याचा क्रम

१. कोमट पाण्याने अंघोळ. फार गरम पाण्याने नंतर बराच वेळ घाम येत राहतो.

२. पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं थांबा. अंग पूर्ण कोरडं झाल्याशिवाय काहीही घालू नका. घाईत ओल्या अंगावर शर्ट चढवणं ही या दिवसाची सगळ्यात महाग चूक.

३. सनस्क्रीन आणि अत्तर आत्ता, आणि सुकू द्या. कॉलरला लागलं तर डाग पडतो, रेशमावर अत्तराचा थेंब कायमचा.

४. बनियन, मोजे, शर्ट, पॅन्ट, गॅलिस, बूट. मग कमरबंद आणि शेवटी बो किंवा टाय.

५. कोट हातात. गाडीत तो हँगरला टांगा, अंगावर नको. पोचल्यावर सावलीत उभं राहून पाच मिनिटं अंग निवू द्या आणि मगच कोट चढवा.

टप्पा १०: समारंभात

उभं असताना कोटाचं वरचं बटण लावलेलं, सगळ्यात खालचं मोकळं. एकच बटण असेल तर ते लावायचं. बसताना बटण उघडा, हवाही खेळते आणि कापडही ओढलं जात नाही. घाम रुमालाने टिपा, पुसू नका. घासल्याने चेहरा लाल होतो आणि कॉलर मळते. छातीच्या खिशातला रुमाल दाखवण्यासाठी आहे, वापरायचा दुसरा पॅन्टच्या खिशात.

कोट काढायचा तर यजमानांनी किंवा नवरदेवाने काढल्यावरच, आणि मुख्य फोटो झाल्यावर. त्याआधी असह्य झालं तर आतल्या थंड खोलीत जा, मनगटांवर गार पाणी सोडा, शर्ट बदला आणि परत या. पाणी तहान लागायच्या आधीपासून पीत राहा. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी सुरू झाली तर मात्र शिष्टाचार बाजूला ठेवा: कोट, टाय काढा, सावलीत बसा, कुणाला तरी सांगा.

लांब गाऊन घालणाऱ्यांसाठी

कापडाचं तत्त्व तेच. सिल्क शिफॉन, जॉर्जेट आणि क्रेप हवेशीर असतात. सॅटिनवर घामाचा एक थेंबही दिसतो, विशेषतः करड्या आणि मध्यम निळ्या रंगांत. खूप फिकट, गर्द किंवा नक्षीदार कापड ओल लपवतं. अस्तर इथेही पॉलिस्टरचं असतं आणि खरा उकाडा त्याचाच. पातळ सुती किंवा क्युप्रोचं लावून घ्या. छाती-कमरेला आकार धरणाऱ्या ताठ पट्ट्या (बोनिंग) घातलेला गाऊन असेल तर आतून सुती पट्टी हवीच, नाहीतर दोन तासांत त्वचा सोलवटते. हिरवळीवर बारीक टाचा रुततात, त्यांना रुंद टोपणं मिळतात.

टप्पा ११: घरी आल्यावर

सूट लगेच कपाटात कोंडू नका. खिसे रिकामे करा, रुंद खांद्यांच्या हँगरवर कोट टांगा, आणि पूर्ण दिवस सावलीतल्या वाऱ्यावर ठेवा. सुकल्यावर मऊ ब्रशने वरून खाली झटका. शर्ट त्याच रात्री गार पाण्यात भिजवा, घाम सुकून बसला की डाग निघत नाही. बुटांत लाकडी साचे किंवा कागद भरा आणि दोन दिवस पुन्हा घालू नका.

घाम जास्त झिरपला असेल तर ड्राय क्लीनिंगला देताना ‘घामाचे डाग आहेत’ असं सांगून काखा आणि कॉलर दाखवा. घामातले क्षार पाण्यात विरघळतात, ड्राय क्लीनिंगच्या द्रवात नीट निघत नाहीत. त्यासाठी त्या जागा वेगळ्या ओल्या साफ कराव्या लागतात.